दीड ओळीचं कारण

आमच्या चौकशीच्या फॉर्ममध्ये चौदावा रकाना आहे, 'गुन्ह्याचे कारण'. त्याला दीड ओळ जागा ठेवली आहे. आरोपीच्या घराचं छप्पर कौलारू की पत्र्याचं, विहीर स्वतःची की सामाईक, घरात खाणारी तोंडं किती, या सगळ्यांना त्याहून जास्त जागा आहे. फॉर्म कुणी तयार केला मला माहीत नाही, पण माणूस शहाणा असावा. जास्त जागा दिली तर अधिकारी तिथे निबंध लिहितील, हे त्याने ओळखलं असणार.

मी परिवीक्षा अधिकारी आहे. लोक 'प्रोबेशनबाई' म्हणतात. काम थोडक्यात सांगते, कारण माझ्या सख्ख्या मावशीलाही ते अजून कळलेलं नाही. कोर्टाने एखाद्याला दोषी ठरवलं, गुन्हा फार मोठा नाही, माणूस पहिल्यांदाच अडकला आहे, अशा वेळी त्याला तुरुंगात पाठवायचं की चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडायचं, हा प्रश्न येतो. तो ठरवण्याआधी न्यायाधीश माझ्याकडून अहवाल मागवतात. गुन्हा झाला की नाही हे मी बघत नाही, ते ठरलेलं असतं. मी माणूस बघते. त्याच्या घरी जाते, शेजाऱ्यांना विचारते, पोलीस पाटलाला भेटते आणि चार पानं लिहून देते. न्यायाधीशांना ती पटली तर माणूस घरी जातो. नंतर वर्ष-दोन वर्षं त्याने माझ्या देखरेखीखाली राहायचं.

हे काम मी सिंधुदुर्गात पंचवीस वर्षं करते आहे. कागद हातात घेऊन कुणाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात शिरले, की घरातून पहिला प्रश्न येतो, "कसलो सर्वे आसा?" सर्वे नाही म्हटल्यावर तोंडं पडतात. घरकुल मिळणार नाही, गॅस मिळणार नाही, मग ही बाई आली कशाला? मी सांगते, कोर्टाने पाठवलं आहे. मग चहा येतो. कोर्टाचं नाव घेतल्यावर आमच्याकडे चहात साखर जास्त पडते.

माणसं गुन्हा का करतात, हे मी कॉलेजात रीतसर शिकले आहे. आमचे सर फळ्यावर एकेक सिद्धान्त मांडायचे. पहिला जुना होता. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, त्याचा जबडा पुढे, कपाळ मागे, कान मोठे. तो आठवडा आम्ही एकमेकांची कपाळं मोजण्यात घालवला. माझ्या एका काकांचा जबडा अगदी पुस्तकातला होता. त्यांनी आयुष्यभर पोस्टात तिकिटं विकली आणि शेजाऱ्याच्या झाडाचा पडलेला आंबासुद्धा कधी उचलला नाही. तो सिद्धान्त जगाने कधीच सोडून दिला आहे, असं सरांनी सांगितलं. जगाने दिला असेल. आमच्या गावांतून तो अजून 'त्येंचो घराणोच तसो' या नावाने नांदतो, आणि पोलीस पाटलापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळे मला तो सांगतात.

पुढचे सिद्धान्त बरे होते. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथे पोहोचायची शिडी थोड्यांनाच देतो. ज्यांना शिडी नाही ते कुंपणावरून उडी मारतात. हा एक. माणूस गुन्हा शिकतो, जसा पोहायला शिकतो, जवळच्या माणसांकडून. हा दुसरा. तिसऱ्याने प्रश्नच उलटा केला होता. लोक गुन्हा का करतात हे विचारू नका, बहुतेक लोक का करत नाहीत ते विचारा. घर, नाती, नोकरी, चारचौघांतली लाज यांच्या दोऱ्या माणसाला बांधून ठेवतात. त्या सैल झाल्या, की माणूस घसरतो.

हा तिसरा सिद्धान्त मला फार आवडायचा. मग खारेपाटणच्या बाजारातल्या सलीमभाईंचं प्रकरण आलं. मसाल्याचं आणि सुक्या मासळीचं वडिलोपार्जित दुकान, दोघे भाऊ एकत्र. दुकानाची फळी आधी कोणी उघडायची यावरून एका सकाळी सलीमभाईंनी धाकट्याच्या डोक्यात अर्ध्या किलोचं वजन घातलं. मी चौकशीला गेले, तर डोक्याला पट्टी बांधलेला धाकटाच माझ्यासाठी खुर्ची पुसत होता.

"तुमचं काय म्हणणं आहे?" मी त्याला विचारलं.

"माझं काही म्हणणं नाही मॅडम. यांना सोडा. हे आत गेले तर दुकानात उभं कोण राहणार? मला तर चक्कर येते."

"चक्कर यांच्यामुळेच येते ना?"

"ती गोष्ट वेगळी," धाकटा म्हणाला. सलीमभाई मागून म्हणाले, "आमचं भांडण काहीच नाही. त्यालाच विचारा."

दोरी कुठे सैल होती? दोरी इतकी घट्ट होती, की दोघांना श्वास घ्यायला जागा नव्हती. माझ्याकडची निम्म्याहून जास्त प्रकरणं अशीच आहेत. एकच विहीर, एकच बांध, एकच आडनाव. परक्या माणसाच्या डोक्यात वजन घालायला काहीतरी कारण लागतं. भावाला नुसती सकाळ पुरते. चौदाव्या रकान्यात मी लिहिलं, 'क्षणिक राग.' दीड ओळीत दुसरं काय मावणार?

आणखी एक सिद्धान्त म्हणतो, गुन्ह्याला तीन गोष्टी पुरतात. इच्छा असलेला माणूस, हाताशी आलेली संधी आणि राखणदाराची गैरहजेरी. हा मला एका भजनीबुवांनी समजावला. बुवा सत्तरीचे, कपाळाला बुक्का, जिल्हाभर नाव. गोव्यातल्या एका देवळात भजन करून परत येताना त्यांच्या हार्मोनियमच्या पेटीत सुरांऐवजी दारूच्या बाटल्या सापडल्या. मी त्यांच्या पडवीत बसले आणि विचारलं, "बुवा, या वयात हे कशाला केलंत?"

बुवांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "बाई, पेटयेचे सूर गेल्ले. दुरुस्तीक सगळा आतला काढून ठेवललंय. आता रिकामी पेटी कोण वागवता?"

हे मी हसून सांगते आहे, तेव्हाही हसले होते. पण खरं तर आता या सगळ्याचा कंटाळा आला आहे. कामाचा नाही. पायी चढायच्या घाट्या, एसटीची वाट बघणं, कुत्री, जळवा, यांचं मला काही नाही. कंटाळा येतो तो 'का' विचारण्याचा. मी विचारते, समोरचा माझ्या तोंडाकडे बघून मला आवडेल असं काहीतरी सांगतो, मी ते सरकारी मराठीत बसवते, आणि सगळ्यांना वाटतं, कारण सापडलं.

तळेऱ्याच्या बाजूच्या एका गावात बाबलो नावाचा माणूस होता. शाळेत असताना त्याने एकदा कुणाची सायकल नेली होती. गावाने त्याला 'सायकल्या' म्हणायला सुरुवात केली आणि चाळिशीपर्यंत थांबवलं नाही. पुस्तकात याचाही सिद्धान्त आहे. माणसाला शिक्का मारा, तो हळूहळू शिक्क्याप्रमाणे वागू लागतो. देवळातली घंटा दिसेनाशी झाली तेव्हा गावाने लगेच त्याचं नाव घेतलं. घंटा नंतर लोहाराकडे सापडली. तिची कडी बदलायला तिथे देवस्थाननेच दिली होती आणि देणारा विसरला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी बाबल्याने खरंच एक पाण्याचा पंप चोरला आणि माझ्याकडे आला. मी त्याला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारली, तर त्याने मागे वळून बघितलं. म्हणाला, "बाई, ह्यां नाव माजा आसा, ह्यां मीच इसारललंय."

त्याला मी सोडवू शकले. माझा अहवाल चांगला होता. माझे अहवाल चांगले असतात, असं सगळेच म्हणतात. म्हणूनच शेवंतीचं सांगायला हवं.

शेवंती वेंगुर्ल्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहायची. वय चाळीसच्या आसपास. नवरा गोपाळ लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडायचा. तीन वर्षांपूर्वी तो माडावरून पडला आणि कमरेखाली निकामी झाला. तेव्हापासून तो पलंगावर. घरात दोघंच. शेवंती वेंगुर्ल्यातल्या एका घरी म्हाताऱ्या काकींची सेवा करायला जायची. दर तीन-चार तासांनी गोपाळला कुशीवरून वळवावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. म्हणून मालकिणीला विचारून ती दुपारी घरी येऊन जायची. सायकलवर, चढणीच्या रस्त्याने.

काकी झोपल्या असताना तिने त्यांच्या कपाटातल्या दोन सोन्याच्या पाटल्या घेतल्या. विकल्या नाहीत, गहाण टाकल्या नाहीत. हातात घातल्या आणि माहेरच्या जत्रेला गेली. तिच्या माहेरच्या देवीला माहेरवाशिणींनी येऊन ओटी भरायची, हा तिथला मान. ओटीच्या रांगेत तिच्या मागे चार बायका सोडून काकींची सून उभी होती. तिने सासूच्या पाटल्या ओळखल्या. रांगेतच आरडाओरडा झाला. कोर्टात शेवंतीने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी माझा अहवाल मागवला.

मी तिच्या घरी गेले त्या दिवशी मला अजून दोन घरं करायची होती. शेवंती गोपाळला वळवत होती. एक हात त्याच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, पाठ माझ्याकडे. तिचं होईपर्यंत थांबायला हवं होतं. मी दारात उभी राहूनच फॉर्म काढला आणि विचारायला सुरुवात केली. विचारलं ते ऑफिसच्या मराठीत. मी स्वतः इथली आहे, घरात मालवणीच बोलते, पण हातात फॉर्म आला की माझी जीभ आपोआप इस्त्रीची होते. आमच्याकडे सगळ्यांचीच होते.

"मुलं किती?"

"व्हय."

"मुलं किती, विचारते मी."

"नाय झाली, बाई."

"पाटल्या कपाटातून तूच काढल्यास?"

"व्हय."

"त्याआधी त्या घरातून कधी काही घेतलं होतंस?"

"व्हय."

मी लिहिलं. गोपाळ तेवढ्यात भिंतीकडे तोंड असतानाच म्हणाला, "तां तसा नाय ओ बाई, तिचा..." मी म्हटलं, "तुमचं नंतर घेते." नंतर घ्यायचं राहिलं. दुसऱ्या वाडीला जाणारी गाडी चुकली असती.

अहवालात मी लिहिलं, 'यापूर्वीही सदर घरातून वस्तू घेतल्याचे स्वतः मान्य करते. बंधपत्रावर सोडण्याची शिफारस करता येत नाही.' चौदाव्या रकान्यात लिहिलं, 'आर्थिक ओढाताण व दिखाऊपणाची हौस.' शब्द बरोबर बसले म्हणून मला तेव्हा बरंही वाटलं होतं. अहवाल कोर्टात गेला. शिक्षा झाली असती तर ती तीन महिने आत गेली असती. गोपाळला कोण वळवणार, याला फॉर्ममध्ये रकाना नाही आणि मी तो स्वतःहून केला नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी एका बांधाच्या भांडणाच्या चौकशीसाठी दुसऱ्या गावात होते. पोलीस पाटील देवळात होते, गाऱ्हाणं चाललं होतं. आमच्याकडे गावाचं मागणं असं देवापुढे घालतात. एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून बोलतो आणि जमलेले सगळे दर वाक्याला साथ देतात. मी पायरीवर बसून ऐकत होते.

"बा देवा म्हाराजा, लेकरां तुज्या फुडे उबी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला आसात, तां पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

"चोर-चिलटापासून गावाची राखण कर..."

"व्हय म्हाराजा!"

पाटील मोबाईलवर काहीतरी बघत होते आणि बरोबर वेळेला 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. संपल्यावर ते माझ्याकडे आले. मी थट्टेने विचारलं, "पाटील, कशाकशाला व्हय म्हटलंत, आठवतं का?"

"माका काय म्हायत?" पाटील म्हणाले. "तो बोलता, आमी व्हय म्हणतंव. आमी व्हय म्हटला नाय, तर तो फुडे सरकतलो कसो?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते म्हणाले, "काय झाला बाई? पाणी हाडू?"

माझी आई फोनवर अर्धा तास 'व्हय, व्हय' म्हणते आणि शेवटी तिला यातलं काहीच मान्य नसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी स्वतः तसंच करते. आमच्याकडे 'व्हय' म्हणजे बहुतेक वेळा 'ऐकते आहे, बोल पुढे' एवढंच असतं. 'मुलं किती' यालाही शेवंती व्हयच म्हणाली होती. मला तिथेच कळायला हवं होतं. परक्या मुलखातला अधिकारी असता तर त्याला माफ करता आलं असतं. मला हे सबब सांगण्यापुरतंही परकं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट कोर्टात गेले. न्यायाधीश तरुण होते, घाटावरून नुकतेच बदलून आलेले. मी उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, माझ्या अहवालात चूक असण्याची शक्यता आहे." इतक्या वर्षांत हे वाक्य मी कोर्टात पहिल्यांदाच म्हणत होते. वकील मंडळी कागदांतून वर बघायला लागली.

मी खुलासा केला. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपण त्यांनाच विचारू." शेवंती पिंजऱ्याजवळ उभी होती. साहेबांनी सावकाश, स्वच्छ मराठीत विचारलं, "बाई, यापूर्वी तुम्ही त्या घरातून काही घेतलं होतं का?"

शेवंती म्हणाली, "व्हय."

कुणीतरी हसलं. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, त्या होय म्हणतायत."

मी विचारायची परवानगी मागितली. फॉर्म बाकावर ठेवला आणि घरी जसं बोलते तसं विचारलं, "गो शेवंती, तुजा व्हय म्हणजे घेतलंस, काय आयकलंस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की एवढं साधं कळत नाही का हिला. "आयकलंय," ती म्हणाली. "साहेब बोलतत, तर आयकूक नको?"

"मगे आदी कधी घेतललंस काय तेंच्या घरातून?"

"घेतललंय. काकी देवच्यो ती जुनी लुगडी. आणि आंब्याची कोय एकदा, लावूक. काकीक इचारून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते हुशार होते, हे मला लगेच कळलं. त्यांनी विचारलं, "मग गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर तुम्ही व्हय म्हणालात, ते कुठलं व्हय होतं?"

तिने 'ऐकलं' म्हटलं असतं तर सगळं प्रकरण पहिल्यापासून सुरू झालं असतं, आणि तिला ते कळत होतं असं मला वाटतं.

"तां खरां व्हय, साहेब," शेवंती म्हणाली. "पाटल्यो मी घेतलंय. न इचारता."

"कशाला?"

"तीन वर्सां माहेराक गेलंय नाय. माज्यो आसल्यो त्यो ह्येंच्या आपरेशनाक गेल्यो. मोकळे हात घेवन देवीची वटी कशी भरू? भावजय बघतली, वाडी बघतली. सकाळी कामाक येताना परत कपाटात ठेवूच्यो होत्यो."

मी भाषांतर केलं. साहेबांनी विचारलं, "परत ठेवणार होतात, हे आधी का सांगितलं नाहीत?"

"कोणी इचारूक नाय," ती म्हणाली.

तिथे बसलेल्या कुणालाही कुठलाही सिद्धान्त लावता आला असता. स्वप्न आहे, शिडी नाही. राखणदार झोपलेली काकी. चारचौघांतली लाज, जी माणसाला गुन्ह्यापासून अडवते असं मी शिकले, तिनेच इथे कपाट उघडायला लावलं. सगळे बरोबर होते आणि एकानेही तिला घरी पोहोचवलं नसतं.

साहेबांनी तिला एका वर्षाच्या बंधपत्रावर सोडायचं ठरवलं, माझ्या देखरेखीखाली. बंधपत्राला जामीनदार हवा होता. "कोणी आहे का तुमचं?" असं त्यांनी विचारलं, तर शेवंती खाली बघायला लागली. मागच्या बाकावरून एक ठेंगणी बाई पदर खोचत उठली. ती तिची भावजय. सकाळपासून येऊन बसली होती, शेवंतीला न सांगता.

"मी ऱ्हवतंय जामीन," ती म्हणाली. मग तिथेच, न्यायाधीशांसमोर, नणंदेकडे वळून म्हणाली, "तुजे हात कोणी बघूक नाय गो. फुटको नारळ घेवन इल्लंस वटयेक, तो मात्र सगळ्या वाडीन बघलो."

साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "जामीन राहायला तयार आहेत, साहेब."

बंधपत्र टाइप व्हायला वेळ लागला. मी बाहेरच्या बाकावर बसले. रेकॉर्डमध्ये माझ्या अक्षरातले किती अहवाल असतील, आणि त्यांत 'मान्य करतो', 'कबुली देते' असं किती वेळा असेल, हे मनात आलं. त्यातले कितीजण नुसते ऐकत होते? ते कागद मी अजून काढून बघितलेले नाहीत. वेळ नाही, असं सांगते. वेळ काढता येतो. आता मी खळ्यात बसून, फॉर्म पिशवीत ठेवून, मालवणीत विचारते आणि घरी येऊन लिहिते. त्याने काम दुप्पट झालं आहे. एवढाच बदल. यापेक्षा मोठं काही सुधारलं असं म्हणायची माझी तयारी नाही.

दीड वाजला तसा शेवंतीचा जीव थाऱ्यावर राहीना. गोपाळजवळ शेजारीण बसली होती, ती दोनपर्यंतच थांबणार होती. भावजयीच्या कागदांवर अजून सह्या व्हायच्या होत्या. शेवंतीची सही झाली होती. मी म्हटलं, "चल, बस माझ्या स्कूटरवर." ती मागे बसली, पण मला धरलं नाही, सीटची कडी धरली. चढणीला स्कूटर कण्हायला लागली.

शेजारीण निघून गेली होती. गोपाळ पाठीवर पडून दाराकडे बघत होता. घामाने चादर चिकटली होती. शेवंतीने चप्पल दारात टाकली, हात धुतले, पदर कमरेला खोचला. "इलंय," एवढंच त्याला म्हणाली. त्याने डोळे मिटून घेतले.

मी दारातच थांबले होते. माफी मागायची म्हणून रस्त्यात वाक्य तयार केलं होतं, पण ते ऑफिसच्या मराठीत तयार झालं होतं. ते मी मनात मालवणीत जुळवत होते, तेवढ्यात तिने एक हात त्याच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि माझ्याकडे मान वळवली.

"बाई, उब्या काय ऱ्हवलात?" ती म्हणाली. "पाय धरा."

मी आत गेले आणि धरले.